मूत्रविकार, चिनी औषध आणि आपला विवेक



मी वैद्य नाही, कापडाचा व्यापारी आहे. आजचा विषय संकोचाचा आहे. परंतु संकोचानेच ही व्याधी बळावते. माझ्या धर्मपत्नीस वर्षातून तीन-चार वेळा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होत असे. तिने तो दीर्घकाळ माझ्यापासूनही लपविला, याचे शल्य मला आहे. पुढे एका स्नेह्याने चिनी वनौषधीच्या गोळ्या दिल्या. वेष्टनावरील एक अक्षरही वाचता येईना, म्हणून मी या विषयाचा शोध घेतला.

चिनी वैद्यक या व्याधीस ‘लिन’ म्हणते. शरीराच्या अधोभागात ओलावा व उष्मा साचून ती होते, अशी त्यांची धारणा आहे. त्यावरील ‘बा झेंग सान’ हे आठ द्रव्यांचे चूर्ण सोंग राजवटीपासून प्रसिद्ध आहे. त्यात इसबगोलाच्या कुळातील बी, रेवंदचिनी व ज्येष्ठमध असते. २०१५ च्या कोक्रेन समीक्षेत ५४२ महिलांवरील सात चाचण्या तपासल्या गेल्या. चिनी वनौषधींचा लाभ संभवतो, परंतु चाचण्या लहान व सदोष असल्याने खात्री देता येत नाही, असा निष्कर्ष निघाला.

याच चूर्णातील ‘मुतोंग’ या द्रव्याच्या जागी कालांतराने ॲरिस्टोलोकिया वर्गातील वेल वापरली जाऊ लागली. तिच्यातील आम्लाने मूत्रपिंडे कायमची निकामी होतात, कर्करोगही संभवतो. चीनने २००३ मध्ये ती वेल बाद केली. मूत्रविकाराचे औषधच मूत्रपिंडाच्या मुळावर उठले! ‘झाडपाल्याचे, म्हणून निरुपद्रवी’ हा समज आपण सोडला पाहिजे. शिवाय काही चिनी औषधांत गांडुळासारखी प्राणिज द्रव्येही असतात. हिरवा ठिपका पाहून बिस्किट घेणारे आपण, औषध मात्र न पाहता कसे घ्यावे?

आम्ही त्या गोळ्या बाजूस ठेवल्या, लघवीचे कल्चर करविले व डॉक्टरांनी दिलेले औषध पूर्ण घेतले. कमी पाणी पिणाऱ्या १४० महिलांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी अधिक घेणाऱ्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. भगिनींनो, चौविहार अवश्य पाळा. पण दिवसा पुरेसे पाणी घ्या. प्रवासात, लग्नकार्यात लघवी अडवून धरू नका. थंडीताप, कंबरदुखी, लघवीत रक्त अथवा गर्भावस्था असेल तर तत्काळ डॉक्टरांकडे जा. आपल्या पच्चक्खाणांतही समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत. मग देहाचे दुःख सांगण्यात संकोच कसला?

जय जिनेंद्र.