किनाऱ्यापासून दूर असलेल्या मुलांचा समुद्र

(चंडीगड येथे शिक्षक व पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



चंडीगडपासून समुद्र सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. नद्या अखेर सागराला मिळतात, असे आपण मुलांना शिकवितो. परंतु या परिसरातील पाणी वाहून नेणारी घग्गर राजस्थानच्या वाळवंटाकडे जाऊन लुप्त होते. अशा शहरातील बालकाला सागरी जीवांची ओळख कशासाठी करून द्यावी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अर्थशास्त्राचा अभ्यासक या नात्याने मी त्याचे उत्तर एका मराठी गावाच्या आधारे देऊ इच्छितो.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे ते गाव. तेथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण दिले होते, तरीही त्याची अंडी पळविली जात. यामागचे अर्थकारण सरळ होते. अंडी उचलणाऱ्याचा लाभ लहान, पण तात्काळ आणि खात्रीचा होता. ती राखण्याचा लाभ मात्र सर्वांमध्ये विभागलेला आणि अनेक वर्षांनी मिळणारा होता. हजार पिल्लांतून एखादेच प्रौढावस्थेस पोहोचते, असा अंदाज आहे. इतक्या लांबच्या हिशेबात गरजू माणूस सहसा रमत नाही.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून येथे ग्रामस्थांच्या सहभागाने संवर्धनाचे काम सुरू केले. घरटी शोधून अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवायची आणि सुमारे पन्नास ते साठ दिवसांनी बाहेर पडलेली पिल्ले समुद्राकडे सोडायची, अशी ही पद्धत. पुढे २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे ग्रामस्थांच्याच घरी उतरू लागले. ज्या अंड्यांची किंमत पूर्वी बाजारात ठरत असे, ती राखल्याने घरोघरी उत्पन्न येऊ लागले. संरक्षण आणि उपजीविका यांचा असा मेळ केवळ कायद्याने बसत नाही. त्यासाठी माणसाची त्या जीवाशी ओळख व्हावी लागते. वाळूवरून लाटेकडे धडपडणारे पिल्लू पाहिलेल्या मुलाला कासव का वाचवावे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

एका गावाचे हे काम त्या गावापुरते राहत नाही. ओडिशातील गहिरमाथा येथे २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेले एक मादी कासव जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळले. तिने सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास केला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एका राज्याने जपलेली ठेव दुसऱ्या राज्याच्या किनाऱ्यावर अशी उतरते. वाळूच्या तापमानावर पिल्लांचे लिंग ठरते. वाळू अधिक तापल्यास माद्यांचे प्रमाण वाढते. म्हणजे हवामानबदलाचा धडाही याच घरट्यात आहे.

चंडीगडच्या मुलाला वेळासला नेणे प्रत्येक पालकाला परवडणार नाही. परंतु समुद्र येथेही आहे. शेजारच्या सोलन जिल्ह्यातील सुबाथूच्या खडकांत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी जीवांचे अवशेष आढळतात. याच थरांतील एका जबड्यावरून १९९८ मध्ये हिमालयासेटस या आदिम देवमाशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. हिमालयाच्या पायथ्याशी देवमाशाचे पूर्वज होते, ही गोष्ट कोणत्या मुलाला रोमांचित करणार नाही? शिवाय येथील शेतावर पडणारा मोसमी पाऊस समुद्रावरूनच येतो.

म्हणून माझी विनंती एवढीच, की सागरी प्राण्यांच्या नावांची यादी पाठ करून घेऊ नका. वर्षभरात एकच प्राणी निवडा. तो कोठे जन्मतो, काय खातो, कोणत्या माणसांची उपजीविका त्याच्याशी निगडित आहे, याचा मुलांना शोध घेऊ द्या. कोकणातील एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार सुरू करा. तेथील मुले कासवाविषयी लिहितील, येथील मुले सुबाथूच्या दगडांविषयी. यास मोठा निधी लागत नाही.

आपल्या देशातील बहुसंख्य नागरिक किनाऱ्यापासून दूर राहतात. बंदरे, मासेमारी आणि किनारी बांधकामे यांविषयीची धोरणे मात्र त्यांच्याही मतांतून घडतात. ज्याने समुद्राला कधी ओळखलेच नाही, तो त्याची किंमत शून्य धरील. हिशेबातील ही चूक सुधारण्याची जागा अर्थसंकल्प नव्हे, तर शाळेचा वर्ग आहे.