आपल्या खुणा, आपला नकाशा

आषाढी वारीत परजिल्ह्यातून आलेल्या रुग्णवाहिकेच्या चालकास मोटारीतील दिशादर्शक यंत्र माळशिरस दाखवील, वेळापूर दाखवील. परंतु भंडीशेगावजवळ चार दिवसांपुरते उभारलेले उपचार केंद्र ते कसे दाखविणार? ती खूण आपणच त्यात भरावयाची असते. मोबाइल आहेच, असे कोणी म्हणेल. पण गर्दीत त्याचे जाळे कोलमडते. या यंत्राचा नकाशा त्याच्याच पोटात असतो आणि उपग्रहांचे संकेत गर्दीने अडत नाहीत.

गार्मिनच्या यंत्राकरिता संगणकावर दर ओळीस रेखांश, अक्षांश (दोन्ही दशांशात) व ठिकाणाचे नाव, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहावे. ही सीएसव्ही यादी ‘पीओआय लोडर’ या प्रणालीने यंत्रात चढवावी. शाळेत आपण अक्षांश आधी शिकलो. येथे रेखांश आधी. सोलापूर सुमारे १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. आकडे उलटले, तर आपले सोलापूर उत्तर ध्रुवाकडील स्पिट्सबर्गेन बेटाच्या दक्षिणेस, थेट समुद्रात!

पालखी पुढे सरकली की केंद्र हलते. जुनी खूण तशीच राहिली, तर चालक रुग्णासह मोकळ्या शेतात जाऊन उभा राहील. म्हणून यादीवर तारीख घालावी आणि मुक्काम हलताच ग्रामपंचायतीने नवी यादी द्यावी.