शिक्षणाचा खर्च आणि पांढरपेशांची प्रतिष्ठा

शेतकऱ्याच्या मुलाला बापाची जमीन मिळते, व्यापाऱ्याच्या मुलाला दुकान मिळते. परंतु वकिलाच्या, डॉक्टरच्या किंवा प्राध्यापकाच्या मुलाला बापाची पदवी काही मिळत नाही. बापाने राहते घर, बँकेतील ठेव आणि चार लोकांतला लौकिक मागे ठेवला, तरी ज्या एका गोष्टीच्या बळावर हे सारे उभे राहिले ती त्याच्याबरोबरच संपते. मुलाला ती पहिल्यापासून पुन्हा मिळवावी लागते. पांढरपेशा कुटुंबे शिक्षणावर जो खर्च करतात त्याचा विचार करताना ही साधी गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. हा वर्ग मुलांच्या फीपायी कर्ज काढतो, दागिने मोडतो, गावाकडची जमीन विकतो, आणि तरी त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. लग्नातल्या थाटमाटाला नावे ठेवणारी माणसेही फीचा आकडा ऐकून मुकाट्याने मान डोलावतात. याचे कारण असे की, या खर्चाच्या मुळाशी हौस नसून भय आहे. एक पिढी चुकली तर घर एक पायरी खाली येईल, हेच ते भय.

हे भय काही आजचे नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे पहिले चार पदवीधर त्यातून बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग कोकणातून आणि देशावरून जी मुले पुण्या-मुंबईस आली, त्यांतील बहुतेकांचे खिसे रिकामेच होते. मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली सरकारी नोकरीस पात्र ठरविणाऱ्या परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल पायी चालत साताऱ्यास गेले; तेथे मुलगा वयाने लहान दिसतो एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. अशा मुलांचा खर्च कोणा एका घराच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून तो अनेक घरांवर वाटला जाई. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे असे जेवणाचे वार लावलेले असत. कोणी माधुकरी मागे. शाळेत नादारी मिळे, आणि पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलांकडून हातोहात येत. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुलेही आरंभी माधुकरीवरच वाढली.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची प्रथा आहे. त्यात फार वाहवत जाण्याचे कारण नाही. वाराच्या घरी पानात काय पडते आणि कोणत्या शब्दांबरोबर पडते, यावरून मुलाला आपली किंमत पुरती कळत असे. शिवाय ही घरे जात पाहूनच उघडत. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी या व्यवहाराच्या वर्मावरच बोट ठेवले होते. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टांतून येतो आणि शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हे त्यांचे म्हणणे होते. पांढरपेशांच्या पहिल्या दोन-तीन पिढ्या ज्या कमी फीवर शिकल्या, ती फी कमी का होती आणि तिची भर कोण घालीत होते, हे त्यांच्या नातवंडांनी विसरू नये. पुढे कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उघडली. साताऱ्याकडे भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि लक्ष्मीबाई पाटील यांनी वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, आणि अखेर मंगळसूत्रही, मोडले. फीपायी दागिने मोडणारी आई आजही आहे. परंतु आज ती ते आपल्याच मुलासाठी मोडते.

फरक आहे तो येथे. जुन्या व्यवस्थेत शिकणाऱ्याच्या डोक्यावर ऋण असे, आणि ते कोणाचे आहे हे त्याला ठाऊक असे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकविण्याचे वचन देत, आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या माणसाने ते पाळले. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १७२ रुपयांवर. आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. बडोद्यास त्यांना राहावयास जागा कोणी दिली नाही आणि तो करार पुरा होऊ शकला नाही, ही त्या काळच्या समाजाची शरम होय. परंतु शिक्षणाचा पैसा दुसऱ्याचा आणि म्हणून विद्याही काही अंशी दुसऱ्याची, हा विचार त्या कागदात होता. सासऱ्याच्या पैशाने विलायतेस जाऊन बॅरिस्टर होण्याची जी चाल होती तिच्यातही ऋण होतेच. ते मात्र बहुधा बिचाऱ्या मुलीच्या वाट्याला येई.

महाराष्ट्रात हे सर्व बदलण्यास १९८३ साल हे एक निमित्त झाले. त्या वर्षी राज्य शासनाने खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यांतून हजारो मुले अभियंते झाली आणि त्यांतील पुष्कळ अशा घरांतली होती की ज्यांना सरकारी महाविद्यालयाचे दार कधी उघडले नसते. या निर्णयाची ही बाजू मान्य केलीच पाहिजे. तथापि त्याबरोबर ‘देणगी’ या जुन्या, भल्या शब्दाला नवा अर्थ आला. चार वर्षांतच, १९८७ साली, कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा करावा लागला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी फी घेणे घटनाबाह्य ठरविले. त्या खटल्यातले आकडे आज वाचले तर हसू येते: कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेस वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांस २५,००० आणि परप्रांतीयांस ६०,०००. आज अभिमत विद्यापीठांतल्या वैद्यकीय जागेची फी अनेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या वर आहे, आणि अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आहे.

ही जागा घेतो कोण? पुष्कळदा डॉक्टरच घेतो, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या गावी एखाद्या शल्यविशारदाने पंचवीस वर्षांत वीस खाटांचे रुग्णालय उभे केले, असे समजा. इमारत, यंत्रे, दाराशी येणारी माणसे, आसपासच्या शंभर खेड्यांत झालेले नाव, हे सारे त्याच्या मालकीचे आहे. वकिलाचे किंवा प्राध्यापकाचे तसे नाही. परंतु घरात दुसरा डॉक्टर झाला नाही तर या मालमत्तेची किंमत विटा-सिमेंटाएवढीच उरते. म्हणून तो हिशेब मांडतो की, मुलाला परीक्षेत गुण थोडे कमी पडले तर ते पैशाने भरून काढावेत आणि ही रक्कम रुग्णालयाच्या खर्चातच धरावी. हिशेब म्हणून त्यात चूक काढता येत नाही. पण या हिशेबात त्या मुलाला वैद्यकी आवडते की नाही, हा रकाना नाही. आणि एक कोटीहून अधिक रुपये मोजून मिळालेली विद्या पुढे कोणाच्या खिशातून वसूल व्हावयाची, हाही नाही. तो रुग्ण आज शाळेत जाणारे पोर असेल. त्याला हे कर्ज ठाऊकही नाही.

सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्या डॉक्टरकडून राज्य शासन एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र घेते. बडोद्याच्या दहा वर्षांचे हे एक वर्ष झाले. आणि तेवढेही टाळता कसे येईल याची चर्चा दिवाणखान्यांतून उघडपणे चालते. ज्याने स्वतःच्या पैशाने पदवी घेतली त्याला तर कोणी काही विचारूच शकत नाही. त्याचे देणे बापाशी फिटले की फिटले.

आता शाळेकडे वळू. दादरचे बालमोहन विद्यामंदिर १९४० सालचे आणि पुण्याचे नूतन मराठी विद्यालय १८८३ सालचे. अशा शाळांच्या बाकांवर डॉक्टरचा मुलगा, गिरणीतल्या जॉबरचा मुलगा आणि टपालखात्यातल्या कारकुनाचा मुलगा शेजारी-शेजारी बसत, आणि फी भरण्याची ऐपत त्यांच्या मैत्रीच्या आड येत नसे. पुढे मराठी सोडून इंग्रजी माध्यम आले. त्यानंतर राज्याचे मंडळ सोडून दिल्लीचे. आणि आता दिल्लीचेही मागे पडून ‘आंतरराष्ट्रीय’ शाळा आल्या आहेत, जेथे पहिलीतल्या मुलाची वार्षिक फी कित्येक लाख रुपये असते. लग्नकार्यात मुलाला मार्क किती पडले असे पूर्वी विचारीत. आता तो कोणत्या शाळेत जातो असे विचारतात, आणि शाळेच्या नावावरून फी, फीवरून घराचे उत्पन्न लोक मनातल्या मनात काढून घेतात. उत्पन्न सांगणे असभ्य, पण शाळेचे नाव सांगणे सभ्य! येथे फी ही शिकविण्याची किंमत राहत नाही. अशा शाळेने उद्या फी निम्मी केली तर काही पालक आनंदाने पेढे वाटतील; काही मात्र दुसरी शाळा पाहू लागतील.

या फीतला किती भाग शिकविणाऱ्याच्या हाती पडतो, हा प्रश्न पालकसभेत सहसा निघत नाही. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवकाला २०२३ पर्यंत दरमहा ६,००० रुपये मिळत होते; त्या वर्षी ते १६,००० झाले. भरमसाट फी घेणाऱ्या कित्येक खाजगी शाळांतही शिक्षिकेचा पगार मुलांना आणणाऱ्या मोटारीच्या चालकाहून अधिक नसतो. ज्या वर्गात विद्येला एवढा मान आहे त्याने आपल्या मुलाला शिक्षक होऊ द्यावयाचे म्हटले की घरात शोककळा पसरते, हेही येथेच नमूद करणे बरे.

शाळेच्या फीने भागत नाही म्हणून शिकवणी आली. लातूरच्या महाविद्यालयांनी कष्टाची जी पद्धत घालून दिली तिला ‘लातूर पॅटर्न’ असे नाव पडले, आणि मराठवाड्यातल्या साध्या घरांतील अनेक मुले तिच्या बळावर डॉक्टर झाली. राजस्थानातील कोटा येथे तर या धंद्यावर शहर वाढले. दहावी झालेले मूल आईबापांपासून दोन वर्षे दूर, भाड्याच्या खोलीत ठेवावयाचे आणि महाविद्यालयात त्याचे नाव केवळ पटावर राहू द्यावयाचे, ही आता रूढ रीत झाली आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कोट्याच्या जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा हुकूम काढला, म्हणजे एखाद्या मुलाने त्याला गळफास बांधला तर पंखाच खाली यावा. ज्या घरांनी आपली मुले तेथे पाठविली होती त्यांतील पुष्कळ घरांनी हा हुकूम वाचला असेल. मुले तेथे जाणे थांबले नाही.

या सर्व खर्चाचा पैसा येतो कोठून, हे पाहिले म्हणजे प्रतिष्ठेची खरी किंमत दिसते. पूर्वी घरात पाच-सहा भावंडे असत आणि खर्च एका हुशार मुलावर होई. बाकीचे, आणि मुली तर बहुतेक साऱ्या, त्यासाठी मागे राहत. आता एक किंवा दोन मुले, आणि दोघांवर सारखा खर्च. मुलीवर होणारा हा खर्च ही गेल्या दोन पिढ्यांतली सर्वांत चांगली गोष्ट होय, यात शंका नाही. परंतु आईबापांची बाजू तितकी भक्कम राहिलेली नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या नोकरीत लागलेल्यांना बापाच्या वेळचे पेन्शन जसेच्या तसे मिळावयाचे राहिले नाही. खाजगी नोकरीत तर ते बहुतेकांना नव्हतेच. म्हातारपणासाठी जी गंगाजळी साठवावयाची ती विशी-बाविशीतल्या मुलाच्या फीत जाते. परदेशचे शिक्षण असेल तर राहते घर बँकेकडे गहाण पडते. कॅनडाने १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याने दाखवावयाची निर्वाहाची रक्कम १०,००० डॉलरांवरून एकदम २०,६३५ वर नेली, तेव्हा कित्येक मराठी घरांत ठेवी मुदतीपूर्वीच मोडल्या गेल्या असतील. आणि हे सारे करून मुलगा तिकडेच राहिला, म्हणजे ज्या घराची पायरी राखण्यासाठी एवढा खटाटोप केला त्या घरात दोन वृद्ध माणसे आणि भिंतीवरचे पदवीदान समारंभाचे छायाचित्र उरते.

एक गोष्ट राहिली. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यान्वये खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. अल्पसंख्याकांच्या शाळांना तो लागू नाही. ज्या शाळेची फी प्रतिष्ठेचे माप झाली तिच्याच बाकावर मोलकरणीचे मूल बसविणारा हा कायदा पांढरपेशा पालकांना कितपत रुचला, हे त्यांनीच आपल्या मनाला विचारावे. शाळांनी शासनाकडून परतावा वेळेवर मिळत नसल्याची तक्रार केली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला आणि ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तिला या जागांच्या बंधनातून मोकळे केले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एवढ्या अंतरात अशी शाळा नाही असे ठिकाण विरळाच. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या नियमाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता, आणि या जागांसाठी अर्ज केलेली मुले प्रवेशाची वाट पाहत घरी बसली होती.