भावना वजा केली तर

‘भावनेच्या आहारी जाऊ नकोस, डोकं ठिकाणावर ठेव,’ हा सल्ला आपण सगळ्यांनीच ऐकला आहे, दिलाही आहे. भावना बाजूला सारली की स्वच्छ विचार उरतो, असं आपण त्यात धरूनच चालतो. खरंच तसं होतं का?

मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दामासिओ अमेरिकेत आयोवा इथे काम करत होते. त्यांच्या काही रुग्णांच्या मेंदूला कपाळामागच्या भागात इजा झालेली होती. बुद्धी, स्मरण, भाषा सगळं शाबूत. पण पोटात धस्स होणं, एखादी गोष्ट नकोशी वाटणं, हे जवळजवळ संपलेलं. अशाच एका रुग्णाचे दोन प्रसंग दामासिओंनी १९९४ सालच्या आपल्या ‘डेकार्ट्स एरर’ या पुस्तकात सांगितले आहेत.

रस्त्यावर बर्फ साचलेला. पुढच्या मोटारीतल्या बाई चाकं घसरताच घाबरल्या, त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि मोटार खड्ड्यात गेली. मागून येणारा हा गृहस्थ मात्र त्याच जागेवरून शांतपणे गाडी काढून पुढे निघून आला.

दुसऱ्या दिवशी दामासिओंनी त्याला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. त्याने डायरी उघडली. आधीची कामं, हवामान, एकेका तारखेचे फायदे-तोटे असा जवळपास अर्धा तास हिशेब चालला. तर्कात कुठे खोट नव्हती, पण निर्णय काही होईना. शेवटी डॉक्टरांनीच दुसरी तारीख सांगितली. ‘ठीक आहे,’ म्हणून तो निघून गेला.

माणूस तोच, उणीवही तीच. बर्फावर काय करायचं ते आधीच ठाऊक होतं. तिथे भीती नसणं त्याच्या पथ्यावर पडलं. तारखेचं उत्तर मात्र कुठल्याच नियमात नव्हतं. ‘पुरे झालं आता’ असं आतून वाटल्याशिवाय असा हिशेब थांबत नाही आणि ते वाटणंच त्याच्याजवळ नव्हतं.

म्हणजे भावनेला घटकाभर थोपवता येतं. तिला वगळून निवड करता येत नाही. भीती, ओढ, किळस चुकतातही, माणसामाणसांत नसते भेद उभे करतात. त्यांची उलटतपासणी विचारानेच करायची. पण कशाचं महत्त्व किती, हे तोलायला विचाराला पुन्हा भावनाच लागते.

म्हणून यापुढे कुणाला ‘डोकं ठिकाणावर ठेव’ म्हणण्याआधी एवढं पाहू या: त्याच्यापुढच्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे, की ते त्यालाच ठरवायचं आहे? पहिलं असेल तर सल्ला योग्य आहे. दुसरं असेल तर त्याला काय वाटतंय, हे आधी विचारावं.