अक्षरे उमटतात, मग चित्र का उमटत नाही?



वर्डमध्ये मजकूर कसा लिहावा, त्यात चित्र कसे बसवावे, हे आपणांस विदित आहेच. तेव्हा त्या प्रास्ताविकात न शिरता माझा आग्रह आरंभीच निवेदन करतो. छापील पृष्ठावर चित्राच्या जागी कोरा कागद आला, तर प्रिंटरला हात लावण्यापूर्वी दोष कोणाच्या अंमलात घडला याची रुजुवात करावी. दस्तऐवज, वर्ड, ड्रायव्हर आणि प्रिंटर अशा चार कचेऱ्यांतून चित्राचा प्रवास होतो. परंतु अखेरच्या कचेरीतला शिपाई तेवढा आपल्या दृष्टीस पडतो, म्हणून खापर त्याच्याच माथी फुटते.

अक्षरे सुरेख उमटत असता चित्रच का अडते? ह्यूलेट-पॅकार्डचा १९८४ सालचा पहिला लेझरजेट पाहा. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ए-४ पृष्ठ चित्राने व्यापावयाचे, तर सुमारे १ मेगाबाइट स्मृती हवी. त्या यंत्रात होती अवघी १२८ किलोबाइट! अक्षरांचे साचे यंत्रापाशी सिद्ध असत, त्यामुळे अमुक जागी अमुक अक्षर एवढा हुकूम पुरे होई. चित्राचा मात्र ठिपका न् ठिपका धाडावा लागे. ६०० ठिपक्यांना हीच गरज चौपट होते. म्हणून चित्र अर्धेच आले, तर रेझोल्यूशन ३०० वर आणून पाहावे; मग ते पूर्ण उमटले, तर स्मृतीचा संशय बळावतो.

एका ग्रंथालयाच्या स्मरणिकेत तालुक्याचा नकाशा होता. नद्या, सीमा, बाण, सारे वर्डच्याच साधनांनी रेखिलेले. पडद्यावर नकाशा अखंड, कागदावर मात्र शुभ्र शून्य. टोनर बदलला, कारागीर आला, त्याने यंत्र खोलले, चिटणिसांनी नव्या प्रिंटरच्या मंजुरीचा मसुदाही लिहिला. (हशा) आपण हसता, पण ती रक्कम वाचकांच्या वर्गणीतली होती! तेवढ्यात टंकलेखन करणाऱ्या मुलीने तोच दस्तऐवज, त्याच प्रिंटरवर, शेजारच्या संगणकावरून छापला, आणि नकाशा पूर्ण उमटला. दस्तऐवज निर्दोष, प्रिंटर निर्दोष! पहिल्या संगणकावर, वर्डच्या ऑप्शन्समध्ये, डिस्प्ले या सदराखाली, ‘प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड’ या ओळीची टिक निघालेली होती. सर्व काही तसेच ठेवून तिने एकच गोष्ट बदलली, आणि जे कारागिराला साधले नाही ते तिला साधले. माझ्या मते शास्त्राची रीत ती हीच.

मागील रांगेतून पृच्छा येते, ‘प्रिंटर कधी बिघडतच नाही काय?’ बिघडतो, अवश्य बिघडतो. पण त्याचे आपले चाचणी-पृष्ठ चित्रासह स्वच्छ निघत असता त्याला दोषी ठरविणे मला मान्य नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले; ड्रायव्हरचा विषय राहून गेला, याचे वाईट वाटते. शेवटचे दोन मुद्दे घाईने सांगतो. ‘ड्राफ्ट क्वालिटी’ची टिक असल्यास ती काढावी. आणि ओळीत बसविलेल्या चित्राची केवळ पट्टीच दिसत असेल, तर त्या परिच्छेदाचे ओळींतील अंतर ‘एक्झॅक्टली’वर बांधलेले आहे काय ते पाहून ‘सिंगल’ करावे. उरलेले चित्र तेथेच असते.