शेवटची नोंद कोणती?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी संगणकतज्ज्ञ नाही, बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. तरीही आज संगणकातील तक्त्यांविषयी बोलणार आहे, कारण त्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली.

आठवीतल्या एका मुलीची शिष्यवृत्ती जमा झाली नाही, म्हणून तिची आई शाळेत आली. पिशवीत दोन पासबुके होती. एक बंद झालेल्या खात्याचे, दुसरे नवे. "सर, नव्या खात्याची झेरॉक्स मी जूनमध्येच दिली होती," त्या म्हणाल्या. मी पाहिले. झेरॉक्स होती, संगणकात नोंदही होती. तरी मी पाठवलेल्या यादीत जुनेच खाते गेले होते.

आमच्याकडे दोन तक्ते होते. पहिल्यात प्रत्येक विद्यार्थ्याची एकच ओळ: जनरल रजिस्टर नंबर, नाव, इयत्ता. दुसऱ्यात तोच नंबर, तारीख आणि बँकेचे खाते. खाते बदलले की नवी ओळ भरायची. जुनी पुसायची नाही, कारण मागच्या वर्षीचे पैसे कुठे गेले हे कधीही दाखवता आले पाहिजे. सातबाऱ्यावर जुने नाव कंसात ठेवतात, तसेच हे. तक्ते असे समान क्रमांकाने जोडण्यामागचे शास्त्र आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात मांडले.

मी एक्सेलचे व्ही-लुकअप हे सूत्र लावले होते. नेमका क्रमांक शोधायला सांगितला की ते वरून खाली पाहत येते आणि पहिली जुळणारी ओळ मिळताच थांबते. त्या मुलीची पहिली ओळ जुन्या खात्याची होती. यंत्राने मी विचारले तेवढेच सांगितले.

मग सरळ तळाची ओळ घ्यावी, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटले होते. पण मागे राहिलेला एखादा जुना अर्ज कारकुनाने उशिरा भरला, की जुनी माहितीच तळाशी जाऊन बसते. म्हणून ओळीची जागा पाहायची नाही, तारीख पाहायची. आणि तीही अर्ज भरून घेतल्याची नव्हे, पालकांनी चिठ्ठीवर घातलेली.

विद्यार्थी मित्रांनो, येथे दोन खड्डे आहेत. "सर्वांत मोठी तारीख दे आणि सर्वांत मोठा खाते क्रमांक दे," असे एकदम विचारले तर यंत्र तारीख एका ओळीतून आणि क्रमांक दुसऱ्याच ओळीतून उचलून देते. म्हणून आधी प्रत्येक रजिस्टर नंबरची सर्वांत अलीकडची तारीख काढावी. मग नंबर आणि तारीख दोन्ही घेऊन त्याच तक्त्यात परत जावे आणि ती ओळ अख्खी उचलावी. एकाच दिवशी दोन नोंदी असतील तर नोंदीचा अनुक्रमांकही लागतो. दुसरा खड्डा तारखेचा. ती नुसता मजकूर म्हणून भरली असेल, तर ३१-०३-२०२३ ही ०५-०७-२०२४ पेक्षा मोठी ठरते, कारण यंत्र पहिला आकडा आधी पाहते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिले की ही अडचण राहत नाही.

यादी पुन्हा केली तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला जास्त लागली. दोन्ही तक्त्यांत सापडणारीच नावे घे, असे सांगितले तर ज्यांचे खातेच उघडलेले नाही ती मुले यादीतून गुपचूप नाहीशी होतात. चूक दाखवणारी लाल खूण येत नाही. आणि अशी मुले बहुधा कोणाची असतात, हे या सभेत सांगायला नको. म्हणून विद्यार्थ्यांचा तक्ता पाया धरावा, त्यातील प्रत्येक नाव राहू द्यावे आणि खात्याचा रकाना कोरा निघाला तर त्या घरी निरोप पाठवावा. आम्ही आता तसे करतो.

पालकांकडे एक मागणे आहे. खाते, घर किंवा फोन नंबर बदलला तर चिठ्ठीवर मुलाचा रजिस्टर नंबर आणि बदलाची तारीख लिहून द्या. वडील परदेशातून परतले की घरचा फोन नंबर बदलतो आणि आम्ही मात्र जुनाच नंबर लावत बसतो.

त्या मुलीची रक्कम पुढे नव्या खात्यात जमा झाली. वह्या-पुस्तके मात्र तिच्या आईने तोवर उधारीवर आणली होती.