पाहुण्याच्या हाती किती किल्ल्या?

कोलकात्याच्या उत्तरेस बराहनगर येथे भारतीय सांख्यिकी संस्था आहे. इंग्लंडातून आलेला ‘एचईसी-२एम’ हा संगणक १९५६ साली तेथे काम करू लागला. भारतातील पहिला डिजिटल संगणक तो हाच. त्याची स्मृती अवघ्या १०२४ शब्दांची, आणि त्याला आज्ञा द्यायची ती त्याच्याच अंकभाषेत. ती भाषा जाणणाऱ्या मोजक्या मंडळींच्या हाती यंत्राची सारी शक्ती होती. सुलभता मात्र नावालाही नव्हती.

आज त्याच नगरातील एखाद्या बंगाली मासिकाचा संपादक ‘वर्डप्रेस’वर आपले संकेतस्थळ उभारतो, आणि अंकभाषेचे अक्षरही त्याला ठाऊक नसते. हवी ती सोय तो ‘प्लगइन’ जोडून मिळवितो. प्लगइन म्हणजे मूळ कार्यक्रमास बाहेरून जोडलेली पुरवणी. वर्डप्रेसने २००४ साली तिला वाव दिला, तो मोठ्या साध्या रीतीने. मूळ कार्यक्रम ठरलेल्या जागी क्षणभर थांबतो व विचारतो, येथे कोणाला काही करावयाचे आहे काय? दुसऱ्या जागी तो मजकूरच पुढे करतो आणि फेरफार करून परत घेतो. एवढे उमगले की नवखाही पुरवणी लिहू शकतो. परंतु दार असे साधे असले, तरी आत शिरलेल्या पाहुण्याला सगळे घर मोकळे असते. त्याने मासिकाची सारी माहिती पुसून टाकावयाचे ठरविले, तरी अडविणारा कोणी नाही!

‘फायरफॉक्स’मध्ये तर पुरवण्यांना कार्यक्रमाच्या अंतर्भागासही हात घालता येत असे. त्यामुळे अप्रतिम साधने निपजली. पण घरमालकाने आतली एक भिंत हलविली की कोणा पाहुण्याचे छप्पर कोसळे. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये, ५७ व्या आवृत्तीत, ही मोकळीक संपली. पुरवणीने हवे ते अधिकार नाव घेऊन मागावेत, असा नवा दंडक आला. अनेक जुन्या, लोकप्रिय पुरवण्या त्यात निकामी झाल्या. वापरणाऱ्यांचा रोष अनाठायी नव्हता. तथापि निर्णय योग्यच होता. भिंत हलविण्याची ज्याला चोरी, तो घर दुरुस्त तरी कसे करणार?

मात्र दारे अरुंद करणाऱ्याने रास्त मागणी येताच नवे दार उघडलेही पाहिजे. २०१८ साली फायरफॉक्सने पुरवण्यांना उघडे टॅब लपविण्याची मुभा दिली. एखादी पुरवणी प्रथमच टॅब लपविते, तेव्हा वापरणाऱ्यास तशी सूचना मिळते.